बाकावरचा डावा विंगर

वीरभद्रचा गुडघा खरंच दुखतो का, ही शंका सहा महिने उमादेवीची पाठ सोडत नव्हती. गुडघ्यापायी तिशीतच फुटबॉल सोडला म्हणणारा तिचा लेक धर्माबादच्या आडतीवर मिरचीचं पोतं पाठीवर घेऊन माडी चढतो, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

डाव्या बाजूचा विंगर होता तो. लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हा जिल्ह्याच्या संघात उदगीरहून हा सतरा वर्षांचा पोरगा गेला. पुढं दुष्काळ पडला. मैदानाला भेगा पडल्या, चेंडू कुठं उसळेल त्याचा नेम राहिला नाही. पण रेषेला धरून पळणाऱ्या वीरभद्रला तो क्वचितच चकवायचा. त्याच उन्हाळ्यात हैदराबादच्या एका कारखान्यानं त्याला चाचणीला बोलावलं. निवड झाली तर पगारी खेळाडू.

उमादेवी नांदेडच्या कॉलेजातून बी.ए. झालेली. वीरभद्र लहानपणापासून गळ्यातलं, लिंगायतानं कधी अंगावेगळं न करायचं इष्टलिंग फडक्यात बांधून, ते छातीशी घट्ट आवळून खेळायचा. घामानं पिवळं पडलेलं ते फडकं शहरातल्या लोकांपुढं जावं, हे तिला बरं वाटेना. तिनं चांदीची डबी घडवून घेतली, स्वतःच्या हातानं लिंग आत ठेवलं आणि त्याच्या गळ्यात घालताना म्हणाली, "मला विचारल्याशिवाय उघडायची नाही. माझी शपथ आहे."

तो परत आला. पाय मुरगळला म्हणाला. पुढं नऊ वर्षं गावोगावच्या स्पर्धांना गेला, पण निम्म्या वेळा बाकावरच.

"बसायलाच जायचं, तर आपल्या दुकानात बस की," ती पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणायची. तो नुसता हसायचा.

काल त्याच्या संघातला शेषेराव घरी आला. रविवारी धर्माबादला वीरभद्रच्या निरोपाचा सामना ठेवला होता.

"काकू, तुम्हीच समजावा त्याला. दहा मिनिटंसुद्धा उतरत न्हाई म्हणतो."

"गुडघा दुखत असेल."

"गुडघा माझा गेलाय, काकू. त्याचा लोखंडाचा हाय." शेषेरावनं चहा बशीत ओतला. "रेफ्री बाहेरचा येऊन राहिला ना, म्हणून. अंगावर धातूचं काही चालत न्हाई. गावातले रेफ्री त्याच्या डबीकडं काणाडोळा करतात, कडक रेफ्री आला की हा बाकावर. हैदराबादेत तेच झालं. बूट घालून तयार होता, अन् रेफ्रीला डबी दिसली. मी म्हणलं, लिंग रुमालात बांध, डबी दे माझ्याकडं. तर म्हणे, आईला विचारल्याशिवाय न्हाई. तवा तुमच्या घरी फोन कुठं होता?"

"घरी आल्यावर तरी विचारायचं."

"मग नोकरी कशानं गेली, ते तुम्हाला कळलं असतं की." बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली.

शेषेराव गेल्यावर तिनं ट्रंक उघडली. ते फडकं तळाशी होतं. नऊ वर्षांपूर्वी तिनंच धुऊन, घडी करून ठेवलेलं. पिवळेपणा काही गेला नव्हता. हे गळ्यात राहिलं असतं, तर रेफ्रीनं दुसऱ्यांदा पाहिलंही नसतं. पाहुण्यांसमोरचं तिचं ते वाक्य तिला आठवत राहिलं, आणि त्याचं हसणंही.

सकाळी आडत उघडायच्या वेळेला ती फोनपाशी जाऊन बसली. फोनवर माफी मागितली, तर तो विषय बदलून मिरचीच्या भावाचं काढेल. माफी समोर बसून मागायची. फोनवर एवढंच सांगायचं, की फडकं घेऊन रविवारी मी येतेय, डबी माझ्या हातानं उघडते, खेळायचे बूट बाहेर काढून ठेव.

तिनं नंबर फिरवायला घेतला.