हत्तीच्या घराकडं वळलेलं प्यादं

दुपारची जेवणं उरकली की हौसाबाई घरात आडवी होत नाही, मागच्या कारखान्यात येऊन पडते. कारखाना म्हणजे पत्र्याची एक खोली. मधोमध नवऱ्याचं लाकूड कातायचं लेथ, भिंतीला पटाश्या, कोपऱ्यात काळ्या कुड्याचे चार ओंडके. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं लेथ फिरलेलं नाही, पण त्यावर धूळही नाही. धूळ दिसली तर लोक म्हणतील बाई खचली, आणि हौसाबाई खचलेली बघायला गल्लीत पुष्कळजण टपून बसलेत.

आज चटईच्या उशाला बुद्धिबळाचा पट मांडलेला आहे. सोंगट्या नवऱ्याच्या हातच्या, लाखकामाच्या, लाल आणि हिरव्या. पटावर उरल्यात पाचच. लाल राजा, लाल उंट, लाल प्यादं. समोर हिरवा राजा आणि एक हिरवं प्यादं. हिरवा राजा पार कोपऱ्याजवळ रेटलेला.

हौसाबाई कुशीवर वळून त्या पाच सोंगट्यांकडं बघते. डोळे जड झालेत, पण मिटत नाहीत. सकाळचं भांडण अजून घशात आहे.

भांडण लेकीशी. कुंदा इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवते आणि तिनं एक प्रोग्राम केलाय, जो स्वतः बुद्धिबळ खेळतो. समोर माणूस नसतो, दुसऱ्या कुणाचा तरी प्रोग्रामच असतो. दोन मशिनी एकमेकींच्या उरावर बसतात आणि माणसं नुसती बघतात. कुंदानं आपल्या प्रोग्रामला बापाचं नाव दिलंय, केरबा. हौसाबाईनं नवऱ्याचं नाव लग्नात उखाण्यात घेतलं त्यालाही पंचावन्न वर्षं झाली, त्यानंतर ओठावर आणलेलं नाही. म्हणून ती प्रोग्रामला ‘आपलं ते’ म्हणते.

तर आपलं ते परवा प्रोग्रामांच्या स्पर्धेत ‘गरुड’ नावाच्या प्रोग्रामशी पाच तास झुंजलं. एकशे अठरा चाली. दोघांनी एकमेकांचे वजीर खाल्ले, हत्ती खाल्ले, आणि शेवटी हे पटावरचे पाच गडी उरले. लाल प्यादं घोड्याच्या पट्टीत, कडेपासून दुसऱ्या, होतं. सरळ पुढं जायचं, चार चालींत डाव खिशात. पण सत्त्याण्णवाव्या चालीला त्यानं बाजूचं हिरवं प्यादं तिरकं खाल्लं आणि लाल प्यादं कडेला, हत्तीच्या पट्टीत गेलं. हिरवा राजा कोपऱ्यात जाऊन बसला. त्या घराच्या रंगावर लाल उंटाचं राज्य नाही, म्हणून त्याला तिथून कुणी हलवू शकलं नाही. जिंकलेला डाव बरोबरीत सुटला.

“चाल बरोबरच आहे,” सकाळी हौसाबाई म्हणाली होती.

“आई, शाळेतलं पोरगंही ही चाल खेळणार नाही.”

“शाळेतलं पोरगं तुझ्या बापाबरोबर चाळीस वर्षं खेळलंय का? मी खेळलेय. हे हेच खेळले असते.”

“मग का खेळले असते, ते सांग.”

ते तिला सांगता येईना. हात जसा भाकरीला पीठ किती ते ओळखतो, तशी ती चाल ओळखीची वाटली, एवढंच.

कुंदा चष्मा काढून डोळे चोळत राहिली. “दोन दिवस चूक शोधतेय. सापडत नाही. म्हणजे माझंच गणित बुडापासून चुकलंय. उद्या शेवटचा डाव आहे, आज पाचला नाव काढून घेते.”

“मी सगळ्या गल्लीला सांगितलंय, ह्यांचं डोकं त्या मशिनीत आहे म्हणून.”

“मग गल्लीलाच खेळायला बसव.”

डोकं मशिनीत आहे ही काही फुकाची फुशारकी नव्हती. केरबा चौथी शिकलेला, पण वीस वर्षं त्यानं आपले डाव एका लांब वहीत उतरवून ठेवले होते. ती वही कुंदानं प्रोग्रामला पाठ करायला लावली होती.

हौसाबाई डोळे मिटते. पंखा घरघरतो. घरघर जाड होत जाते, खाली उतरते, चटईतून पाठीला लागते. हा पंखा नाही. लेथ फिरतंय.

आणि केवड्याचा वास येतोय. लाखेवर झिलई आणायला केवड्याचं पान घासतात, त्याचा वास.

“ऊठ,” तो म्हणतो. “तुझी चाल आहे.”

पटापलीकडं नवरा बसलाय. बनियन, भुवयांत लाकडाचा भुसा, चिमटीत केवड्याचं पान, उगाच बोटांवर घासत असलेलं. डाव्या अंगठ्याचं टोक पटाशीनं तिरकं उडालेलं, तेही तसंच. लेथ फिरतंय आणि त्यावर काहीच चढवलेलं नाही.

“माझी कशी असेल? मशिनीची आहे,” हौसाबाई म्हणते. आश्चर्य वाटायला हवं असं तिला वाटतं, पण ते काही येत नाही.

“मग मशिनीत कोण बसलंय?”

“मला काय ठाऊक. अकरा वर्षांत एकदा येऊन सांगायचं होतं.”

तो हसत नाही. पूर्वी हसायचा. तो पटाकडं बोट करतो आणि हौसाबाई बघते तर पट खाली फरशी होऊन पसरलाय. काळी फरशी, पांढरी फरशी, लांबवर. हा सरकारी दवाखान्याचा वॉर्ड आहे, तो शेवटी जिथं होता तो. पण खाटा सगळ्या उचलून नेल्यात, फक्त एक उरलीय, पार कोपऱ्यात. तिच्यावर हिरव्या चादरीत कुणीतरी भिंतीकडं तोंड करून बसलंय.

“तो कोण?”

“हिरवा राजा. हलत नाही. मी किती दिवस झाले बघतोय.”

“तुम्हीच बसवलात ना त्याला तिथं. सरळ जायचं सोडून कडेला कशाला वळलात?”

“सरळ गेलो असतो तर घोड्याच्या घरात पोचलो असतो,” तो म्हणतो. “घोड्याच्या घरात पोचलेलं प्यादं काय होतं, हौसे?”

“घोडा होतो. कालची पोरगी आहे का मी?”

“आणि हत्तीच्या घरात?”

“हत्ती.”

“घोडा आणि उंट घेऊन मात करायची म्हणजे रात्र सरते. हत्ती आला की सोपं. म्हणून वळलो. आयुष्यभर वळत आलो.”

“मग बरोबर खेळलात. मी सकाळपासून हेच सांगतेय.”

“नाही गं.” तो पान घासायचं थांबतो. “त्यांच्यात तसं नाही. त्यांच्यात प्यादं कुठल्याही घरात पोचू दे, वजीर होतं.”

हौसाबाई त्याच्याकडं बघत राहते. “कुठल्याही?”

“कुठल्याही. सगळं जग तसं खेळतं. आपणच दोघं ह्या पत्र्याखाली जुन्या रीतीनं खेळत राहिलो. वहीत मी पोचलेल्या प्याद्याला नुसतं टिंब दिलं. पोरीला वाटलं, टिंब म्हणजे वजीर.”

“पोरीला शिकवायचं होतं मग.”

“तू म्हणायचीस, तिला अभ्यास करू दे.”

हे खरं आहे. हौसाबाई खाली बघते. तिचे पाय पांढऱ्या फरशीवर आहेत आणि त्यांना सावली नाही. नवऱ्यालाही नाही. वॉर्डाला आता भिंती नाहीत, छत नाही, दिवाही कुठं दिसत नाही, तरी लख्ख उजेड आहे. लेथचा आवाज सगळीकडून येतोय. दूरवर दुसरा पट आहे, त्यावर दोघं वाकून बसलेत. त्याच्यापलीकडं आणखी एक. त्याच्यापलीकडं आणखी. प्रत्येक पटाशी भुवयांत भुसा असलेला तोच माणूस बसलाय, अल्याड तोच आणि पल्याड तोच, आणि कुणी मान वर करत नाही.

“हे काय आहे?” तिचा आवाज बारीक निघतो.

“पोर रात्री मशीन चालू ठेवून झोपते. स्वतःशीच खेळायला लावते, तालीम म्हणून. एका रात्रीत चाळीस हजार डाव.” तो डोळे मिटायला बघतो, पापण्या खाली येतात पण टेकत नाहीत. “आपण कधी खेळायचो, आठवतं?”

“लाईट गेली की.”

“दुपारी लाईट जायची. लेथ थांबायचं. मग पट मांडायचा. लाईट आली की डाव अर्धा टाकून उठायचं.” तो तिच्याकडं सरकतो. त्याच्या अंगाला गारवा आहे, नुसत्या लोखंडाचा. “इथं लाईट जातच नाही गं.”

हौसाबाईच्या तोंडात शब्द तयार असतात. गल्लीला काय सांगू. पोरीला तुमचं एवढंच उरलंय. मलासुद्धा. त्यातला एकही ती बाहेर सोडत नाही. ती विचारते, “वही मशिनीतून काढली तर तुम्ही त्यात राहणार नाही?”

“नाही.”

“अजिबात?”

“अजिबात.”

“आणि पोरगी जिंकेल?”

“तिचं गणित चोख आहे. माझ्यापेक्षा बरं. मी तिच्या पायात घोटाळतोय.”

लेथवर आता काहीतरी चढलंय. लहान, लाल. तो लाखेची कांडी टेकवतो, ती वितळून फिरत्या लाकडाला धरते. त्याला कसली घाई झालीय. पान न घासताच तो ते उतरवतो, ओलं लाल प्यादं चिमटीत धरतो आणि पटाकडं हात नेतो. कोपऱ्यातल्या खाटेवरचं कुणीतरी हळूहळू भिंतीकडून मान वळवायला लागतं.

“तिकडं बघू नकोस,” तो म्हणतो. “मला उठव इथून. नाव घेऊन उठव. तू कधी घेतलं नाहीस, म्हणून कुणीच मला हाक मारलेली नाही. ती घेते ते मशिनीचं.”

हौसाबाई तोंड उघडते.

लेथ थांबतं.

पंखा थांबलाय. पत्र्यावर ऊन तडतडतंय. तिच्या मानेखाली घाम आहे आणि तोंड अजून उघडंच आहे. जिन्यावर चपला वाजतात, कुंदा दारात येते.

“लाईट गेली. मशीनही बंद पडलं, बॅटरी उतरली,” ती म्हणते. “जाऊ दे. पाचला फोनवरून कळवते.”

“काही कळवू नकोस. वही काढ त्यातून.” हौसाबाई उठून बसते. “आम्ही जुन्या रीतीनं खेळायचो. प्यादं ज्या घरात पोचेल, तेच होतं. घोड्याच्या घरात घोडा, हत्तीच्या घरात हत्ती. वहीतलं टिंब वजीर नाही.”

कुंदा दाराची चौकट धरते. बराच वेळ तिचे ओठ नुसते हलतात, मनात डाव चालवल्यासारखे. मग ती जमिनीवर बसते. “म्हणजे तो हत्ती करायला गेला.”

“आयुष्यभर गेले.”

“हे तू आधी का नाही सांगितलंस?”

“जग वेगळं खेळतं हे मला कुणी सांगितलं होतं?”

“तुला आत्ता कुणी सांगितलं?”

हौसाबाई पदरानं मान पुसते.

“आई, वही काढली तर आबांचं त्यात काही राहणार नाही,” कुंदा हळू म्हणते. “नुसतं नाव.”

“नावही काढ. ते माझ्याकडं राहू दे.” हौसाबाई लेथकडं बघते, घसा साफ करते, आणि पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा, उखाण्याशिवाय, नुसतं म्हणते, “केरबा. उठा आता. झोपा जाऊन.”

 कुंदा नजर चुकवायला पटाकडं वळते.

“ही चाल तू केलीस?”

लाल प्यादं बाजूला वळलेलं नाही. घोड्याच्याच पट्टीत, एक घर पुढं सरळ उभं आहे. कुंदा ते उचलते आणि झटकन दुसऱ्या हातात घेते.

“गरम आहे,” ती म्हणते.

लाख अजून मऊ आहे. प्याद्याच्या डोक्यावर अंगठ्याचा ठसा उमटलाय, टोकाशी तिरका तुटलेला.