दुसरं जाळं

चांदा जिल्ह्यातल्या त्या गावी मी शिक्षक होतो. तिथल्या तळ्यावर मासळीचा वाटा जाळ्यामागे मिळे. ज्या घरचं जाळं पाण्यात, त्या घराला वाटा. एक ढीवर मात्र रोज दोन जाळी खांद्यावर घेऊन येई. दुसरं त्याच्या वारलेल्या शेजाऱ्याचं. शेजाऱ्याच्या पोरक्या मुलींना त्यांच्या मावशीनं पदराखाली घेतलं होतं. ते जाळं तो आधी टाकी, आणि भरून आलं की कपाळाला हात लावी, "माह्या जाळ्यात काऊन येत नाई एवढी?" बांधावर मुली खिदळत.

फाटलं की तो ते विणत बसे. एकदा पाहिलं, त्यात जुना धागा उरलाच नव्हता.

"भाऊ, हे तर सगळं तुमचंच झालं."

"नाई गुरुजी," मुलींच्या टोपलीत मासळी ओतत तो म्हणाला, "जाळं त्याचंच हाय. मी त नुस्त्या गाठी मारून राह्यलो."