पहिल्या नळाचा मान

मी डूख धरणारा माणूस आहे. घरचे म्हणतात, विसरा आता, माणूस गेला, सरण विझलं. सरण विझलं असेल, माझं काही विझलेलं नाही. म्हणून हे लिहितो आहे. यात कुणी दोन्ही बाजू शोधू नयेत, इथे एकच बाजू आहे.

आमचं गाव बेळगावाहून निपाणीकडे जाणाऱ्या सडकेला लागून. मधे एक टेकाड, टेकाडावर त्या गेलेल्या माणसाचं, एका वकिलाचं घर आणि खाली उताराला आमची गल्ली. वकील बेळगावच्या कोर्टात जायचा, गावच्या म्युनिसिपालटीत मेंबर होता. समोर मी त्याला जन्मभर अहोजाहो केलं, कागदावर तरी करणार नाही. बेंदराला, बैलांच्या सणाला, वेशीत आडवी बांधलेली पानांची दोरी, म्हणजे कर, तोडायचा मान त्याच्या बैलांचा. दुसऱ्याची जोडी आधी घुसली तर काठ्या निघायच्या. लग्नातला विडा पहिला त्याला, देवीचा अंगारा पहिला त्याला. गावालाही त्यात काही वावगं वाटत नसे.

म्युनिसिपालटीनं पैसा घालायचं ठरवलं तेव्हा आधी गटारं घेतली, नळ नंतर. आखणीप्रमाणे मोठं गटार वकिलाच्या पेरूच्या बागेमागून ओढ्याला जायचं होतं. सभेत हा उठला आणि म्हणाला, बागेला घाण वास लागेल. झालं. गटार वळलं आणि आमच्या गल्लीतून, आमच्या आडापासून चार हातांवरून गेलं. उघडं, दगडी, सांधे न भरलेलं. पुढच्या पावसाळ्यात आडाच्या पाण्याला वास यायला लागला. आई पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची. गाळून का वास जातो?

त्या वर्षी माझी थोरली बहीण, आक्का, खानापूरहून बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा सरत आला होता. तिला पटकी झाली. सकाळी जुलाब सुरू झाले आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आत ती गेली, पोटातल्या जीवासकट. मी तेव्हा बेळगावात ओव्हरसियरच्या परीक्षेचा अभ्यास करत होतो. पोचलो तेव्हा आई आडाच्या कठड्याशी बसली होती आणि कुणी उठवलं तरी उठत नव्हती.

तेरावा झाला आणि मी टेकाडावर गेलो. भांडायला नव्हे. गटार हलवा, निदान सांधे तरी भरा, एवढंच म्हणायचं होतं. तो पान लावत होता. मान वर न करता म्हणाला, "गटार खालतीच जाणार रं. पाणी उतार बघतंय, माणूस बघत न्हाय."

ते खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. उतरताना मी मनाशी म्हटलं, हेच वाक्य एक दिवस तुला परत देईन. नाही दिलं तर बापाचं नाव लावणार नाही.

परीक्षा पास झालो, इकडेतिकडे उमेदवारी केली आणि पाचसहा वर्षांनी आमच्याच म्युनिसिपालटीत ओव्हरसियर होऊन आलो. नळाची योजना मंजूर झाली होती. तळ्यावर इंजिन, माळावर टाकी, तिथून गावात नळ, पाणी सकाळी तासभर. आखणी माझ्याकडे. आठवड्याच्या आत वकील कचेरीत हजर.

"पहिला नळ माझ्या दारात. टाकीतनं पाणी निघालं की आधी माझ्या उंबऱ्याला लागलं पायजे, मग गावाला."

मी नकाशा पसरला. टाकी त्याच्या घरापेक्षा फारशी उंच नव्हती. खालच्या गल्ल्यांचे नळ एकदा उघडले की सगळं पाणी तिकडे ओढ घेणार आणि टेकाडावरचा पहिला नळ कोरडा राहणार, हे शाळेतल्या मुलानंही सांगितलं असतं. पण आमच्या गावात पहिला म्हणजे पहिला. पाण्यालाही वेशीतून जाताना मान ठाऊक असतो, अशीच समजूत. मी एका शब्दानं बोललो नाही. त्याच्या घरापाशी तांबड्या शाईनं पहिला नंबर घातला. तो खूश झाला, मला पान दिलं. मी ते खाल्लं.

नळ सुरू झाले त्या दिवशी फक्त त्याचीच तोटी उघडायची होती. झेंडूचा हार, नारळ, पेढे. पाणी धो धो आलं आणि तो हात जोडून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी गाव पाणी भरायला लागलं आणि त्याच्या तोटीतून नुसती हवा फुसफुसली. तिसऱ्या दिवशीही तेच. आमच्या गल्लीत मात्र घागरी उतू जात होत्या. त्या आठवड्याइतकं गोड जेवण मी पुन्हा कधी जेवलो नाही.

तो कचेरीत आला. मी पेन्सिल खाली ठेवली आणि सावकाश, एकेक शब्द म्हणालो, "पाणी उतार बघतं वकीलसाहेब, माणूस बघत नाही. तुम्हीच म्हणाला होता."

त्यानं कपाळाला आठी घातली. "मी? कवा म्हटलो?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. मी आक्काचं नाव घेतलं, गटार सांगितलं. तो म्हणाला, व्हय, त्या साली पटकी लई होती. आणि पुन्हा नळावर आला.

त्याच्या घराखाली एक चावी बसवून पहिली पंधरा मिनिटं खालचं पाणी अडवलं की काम भागलं असतं. मी त्याला म्हटलं, सामान यायचं आहे. सामान कचेरीच्या खोलीत पडून होतं.

मग एका सकाळी त्याची सून घागर घेऊन आमच्या नळावर आली. पोट पुढे आलेलं, एक हात कमरेवर. आईनं तिची घागर काढून घेतली, भरली आणि स्वतःच्या कमरेवर घेऊन टेकाड चढायला लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. ज्याच्या गटारानं लेक नेली त्याच्या दारात आई पाणी ओतत होती, आणि वाटेत दोनदा टेकत होती. मी तिला जाऊ नको म्हणालो.

"आक्कापण अशीच चालायची," ती म्हणाली. "चावी तुझ्याकडं हाय न्हवं?"

तरी मी नऊ दिवस काढले. दहाव्या दिवशी चावी बसवली.

वकील गावभर सांगत फिरला की ओव्हरसियर शेवटी नमला, मान कुणाचा ते कळलं त्याला. पुढे नातू झाला, तेव्हा पेढे आमच्याकडेही आले. आईनं खाल्ला. माझ्या वाट्याचा मी गटारात टाकला, तिच्यादेखत. ठराव मेंबरांचा लागतो, म्हणून ते गटार मी ओव्हरसियर असूनही आमच्या गल्लीतून हलवू शकलो नाही. ते अजून तिथूनच वाहतं आहे.