रुमालाखालची मूठ

मी आयुष्यात कुणालाही शब्दाने फसवलेलं नाही. कॉलेजातून निवृत्त झालो त्या समारंभात मी हे वाक्य म्हणालो होतो. टाळ्या पडल्या, प्राचार्यांनी मान डोलावली, शाल घालताना अध्यक्षांनी ते पुन्हा म्हणून दाखवलं. वाक्य खरंच आहे. फसवलं ते मी बोटांनी.

ही गोष्ट आजवर मी कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही — आणि तिला माझ्या बहुतेक गोष्टी न सांगताच कळतात. तुम्हाला का सांगतोय? नक्की माहीत नाही. कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

सुरुवात बाळासोंपासून करतो, कारण ती सोपी आहे. बाळासो मुरगूडकडचे. वडील जनावरांच्या बाजारात बैलांचे व्यवहार करायचे, बाळासोंनी कोल्हापुरात फाउंड्री टाकली आणि सत्तरनंतरच्या त्या वर्षांत ती अशी चालली की त्यांनी बंगला बांधला. बंगल्याचा हॉल एवढा मोठा की तिथं बसलेला माणूस आपोआप हळू बोलायचा. मुंबईच्या एका गिऱ्हाइकाच्या घरी त्यांनी नुसत्या रेघांचं एक चित्र पाहिलं होतं. परत आले ते ठरवूनच — आपल्या हॉलला बी आजच्या चितारींची चित्रं पायजेत. कोल्हापुरात तेव्हा भिंतीवर टांगायचं म्हणजे फेटा बांधलेले आजोबा, हुबेहूब, मिशीच्या केसासकट. हे नवं निवडणार कोण?

मी निवडणार होतो. कॉलेजात मराठी शिकवत होतो, गावातल्या एका दैनिकात चित्रप्रदर्शनांवर लिहीत होतो, आणि अवघड शब्द सहज वापरायची मला सवय होती. बाळासो मला मास्तर म्हणत. मी प्राध्यापक आहे हे मी दोनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

आम्ही मुंबईला जायचो, पुण्याला जायचो, चित्रकारांच्या घरी जायचो. चित्र घरी आलं की वहिनीसाहेब त्याला उंबऱ्यावर थांबवून भाकरतुकडा ओवाळून टाकायच्या, नव्या सुनेसारखा. मी बाजूला उभा राहून मनातल्या मनात हसायचो. आता वाटतं, त्या घरात चित्राचं मनापासून स्वागत करणारी तेवढी एकच बाई होती. मी तर नव्हतोच.

अडचण एकच यायची. चित्रकार समोर उभा, त्याचा चहा आमच्या हातात — चित्र नको हे सांगायचं कसं? तोड बाळासोंनीच काढली.

"मास्तर, चितारी म्होरं हुबा असताना तुमी न्हाय कसं म्हननार? त्येच्या जिवाला लागतंय. बैलाच्या बाजारात करत्यात तसं करू. बोटं दाबा की."

जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. हातावर रुमाल टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरून आकडा सांगतात, शेजारच्यालाही कळत नाही. आमचं त्याहून सोपं होतं. बाळासो खांद्यावरचा रुमाल आमच्या दोघांच्या हातांवर टाकत. मी दोन बोटं दाबली तर घ्यायचं. त्यांची मूठ मिटवली तर सोडायचं. चित्रकारांना वाटायचं, कोल्हापूरकडची काहीतरी रीत असेल. मला त्या रुमालाची गंमत वाटायची. खरं सांगू? सत्तेचीही वाटायची.

आता दिनकर. इथे मला थोडं थांबावं लागतं.

दिनकर कुरुंदवाडचा, शेतकऱ्याचा मुलगा. तरुणपणी आम्ही दोघं चित्रकलेच्या वर्गात एका बाकावर होतो. हो — मीही चित्रं काढायचो. ती का सोडली याचं एक सुंदर कारण माझ्याकडे तयार असे: या गावाला नवं चित्र कळणार नाही, मग काढायचं कुणासाठी? हे मी व्याख्यानांतही सांगायचो. पण घडलं होतं ते वेगळंच. एका दुपारी पंचगंगेच्या घाटावर आम्ही शेजारी बसून एकच देखावा काढला. संध्याकाळी मी त्याचा कागद पाहिला आणि माझा गुंडाळला. पुढं तो मी कधी उलगडला नाही.

तुम्हाला असा मित्र आहे का? ज्याचं चांगलं झालेलं आपल्याला कुणाकडून तरी कळावं, आणि सांगणाऱ्याचाच राग यावा? मी दिनकरवर कधी वाईट लिहिलं नाही. चांगलंही लिहिलं नाही. इतकी वर्षं प्रदर्शनांवर लिहिलं, त्यात त्याचं नाव एकदाही नाही. लोकांना वाटायचं, मित्र आहे म्हणून संकोच करतोय. लोक फार चांगलं बोलायचे माझ्याबद्दल.

तो गावाकडच्या शाळेत चित्रकला शिकवत होता. एक दिवस कॉलेजात मला भेटायला आला. म्हणाला, वर्षभर बिनपगारी रजा काढून नुसतं चित्रच काढायचं मनात आहे. घरचे ऐकत नव्हते. शाळेत पर्यवेक्षकाची जागा चालून आली होती, ती घेतली की रंगांना रामराम.

"तुज्या बाळासोंच्या हॉलात एक चित्र लागलं की घरातल्यांची तोंडं बंद हुत्यात बघ," तो म्हणाला. "एकच. आन न्हायच लागलं तर मी बी समजून जातो. मग परत त्या वाटंला जायाचं न्हाय."

म्हणजे मला माहीत होतं. हे नीट लक्षात ठेवा — त्या चित्रावर काय काय अवलंबून आहे, हे मला त्याच्याइतकंच माहीत होतं.

रविवारी बाळासोंना घेऊन मी त्याच्या शाळेत गेलो. शाळा बंद, वर्गातले बाक मागे सारलेले, आणि फळ्याखाली चित्र टेकवून ठेवलेलं. पुराचं पाणी. दुसरं काही नाही. जवळजवळ सगळा कॅनव्हास तांबूस मातकट, आणि अगदी वर, कडेला, एक फिकट पट्टी — घाटाची अजून न बुडालेली एक पायरी. कृष्णाकाठच्या माणसाला, नृसिंहवाडीला पावसाळ्यात गेलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. ते पाणी पुढे येत नव्हतं. ते वर येत होतं.

वीस वर्षं मी ज्यावर व्याख्यानं देत होतो — आपल्या मातीतलं आणि तरीही आजचं, असं चित्र कसं असेल — ते समोर टेकवून ठेवलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? मी पहिल्यांदा काय शोधलं, सांगू? खोट. वर डावीकडे रंग जरा दाट लागलाय का, पट्टी सरळ आहे का. खोट नव्हती.

बाळासो एरवी चित्रापाशी गेले की आधी चौकट ठोकून बघायचे. त्या दिवशी ते दारापासून दोन पावलांवर उभे राहिले.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "ह्ये चढतंय की वो."

कुणी न शिकवता, कुणाला न विचारता, त्यांना दिसलं होतं. त्यांनी रुमाल टाकला. त्यांचा हात माझ्या हातात आला, भट्टीजवळ काम केलेल्या माणसाचा खरबरीत हात, बोटं उघडी, वाट बघत असलेली. दिनकर फळ्यापाशी उभा होता. चित्राकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

मी बाळासोंची मूठ मिटवली.

त्यांना वाटलं मी चुकलो. त्यांनी बोटं पुन्हा उघडली. मी ती पुन्हा मिटवली, आणि या वेळी धरून ठेवली.

घाई नव्हती, गोंधळ नव्हता, कुणाचा दबाव नव्हता. दुसऱ्यांदा मिटवताना तर माझं मन चांगलंच शांत होतं.

"बरं हाय," बाळासो म्हणाले. "इचार करू." आम्ही त्याच्या घरी जाऊन पोहे खाल्ले. दिनकरच्या बायकोने मला जास्त वाढले, कारण मी घरचा.

परतताना गाडीत बाळासो म्हणाले, "मला तर लई आवडलं हुतं. म्हंजी आपल्याला ह्यातलं कळत न्हाय, व्हय न्हवं?" मी खिडकीतून ऊस बघत बसलो. त्यानंतर त्या माणसाने माझ्याआधी कुठल्याच चित्राबद्दल तोंड उघडलं नाही. त्याला जे दिसत होतं तेही मी काढून घेतलं. हॉलच्या मोठ्या भिंतीवर पुढे मुंबईचं एक चित्र आलं, हिरव्यात तीन त्रिकोण. मी त्यावर दैनिकात दीड रकाना लिहिला.

दिनकर पर्यवेक्षक झाला. सांगितल्याप्रमाणे त्या वाटेला पुन्हा गेला नाही.

दोनेक वर्षांनी तो माझ्या दारात उभा राहिला. चित्र गोधडीत गुंडाळून एसटीच्या टपावरून आणलं होतं. मी पाण्याचा तांब्या दिला.

"ठिव तुज्याकडं," तो म्हणाला. "रुमालाखाली काय चालतंय ते कळतंय मला, आमचा म्हातारा बैल घेऊन बाजारात जायाचा. बाळासो सारखी बोटं सोडवत हुते आन तू धरून ठेवलीस, बघितलंय मी. दलालानं किती झटावं? त्येंनी न्हाय घेतलं, त्येला तू काय करनार? ही तुजी दलाली समज."

बाजारात रुमालाखालचा हात दलालाचा असतो, आणि तो बैल विकणाऱ्या मालकाच्या बाजूने झटतो. मीही त्याच्यासाठीच झटत होतो, असं त्याने धरलं होतं.

मी सांगू शकलो असतो. तो चहा पिऊन, पोरांची चौकशी करून, शेवटच्या गाडीची वेळ होईपर्यंत बसला होता. मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो. गाडीत जागा धरून दिली. चित्र ठेवून घेतलं.

ते अजून माझ्याकडे आहे. पुढच्या खोलीत ते मावत नाही, म्हणून आतल्या खोलीत कपाटामागे उभं केलंय. कपाट लोखंडी आहे. ते सरकवायला तीन माणसं लागतात.