सातव्या घरातला सनी

आमचे दिवाकर भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, चौबे कॉलोनीत आमच्याच घरी राहतात. छत्तीसगड वेगळं झालं अन् त्यांची बदली नव्या मंत्रालयात झाली, तिथूनच हा ताप सुरू झाला. भोपाळहून फायली पोत्यांत भरून आल्या, एकीची दोरी दुसरीत अडकलेली. ते गुंते सोडवता सोडवता भावजी गुंत्याच्या इंग्रजी शब्दांच्याच नादी लागले.

सदर बाजारात स्कुट्या अडकल्या की 'एन्टँगल्ड'. माझी चकली 'इन्ट्रिकेट'. माझ्या माहेरची नाती 'कन्व्होल्यूटेड'. मले तर शिवीच वाटली, तर म्हणे, नाही वहिनी, तारीफ आहे. मग कोण्या साहेबानं फायलीवर लिहिलं की हे मॅटर 'इन्व्हॉल्व्ड' आहे, म्हणजे गुंतागुंतीचं. झालं! तेव्हापासून स्वयंपाकघरातला नळ गळला तरी मॅटर इन्व्हॉल्व्ड.

दुसरी खोड जन्माची. लहानपण इथल्याच पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या छत्तीसगडी पोट्ट्यांत गेलं, त्यामुळे 'श' काही त्यांच्या जिभेवर बसला नाही. सक्कर, सनिवार, अन् मी सारदा वहिनी.

राधिका माझी एकुलती पोट्टी. हे गेल्यावर भावजींनीच तिले लहानाची मोठी केली. तिच्या पत्रिकेत शनी सातव्या घरात, म्हणजे नेमका लग्नाच्या घरात ठाण मांडून बसलेला. दोन स्थळं त्याच्यापायीच परत गेली. तिसरं आलं पुष्करचं. एरवी कोणी पाहायले येणार म्हटलं की तोंड फुगवणाऱ्या पोट्टीनं या खेपेला स्वतः पडदे धुतले, चकल्या तळल्या. हे स्थळ गेलं तर ती पुन्हा कोणासमोर बसणार नाही, हे मले तिच्याकडे पाहूनच कळलं होतं. म्हणून भावजींले बजावलं, त्यांनी पत्रिका मागितली नाही, तुम्हीही शनीचं नाव काढू नका. ते म्हणाले, आपणहून नाही बोलणार, पण विचारलं तर खोटं नाही सांगणार.

मंडळी आली. पुष्करचे वडील गंगाधरराव चकलीवर खूश होते. सगळं छान चाललं होतं, तेवढ्यात त्याच्या आईनं, प्रमोदिनीबाईंनी, सहज विचारलं की आधी मुलीचं कुठे जमत आलं होतं का.

मी भावजींकडे डोळे वटारले. त्यांनी चष्मा सावरला.

"दोनदा जमत आलं होतं. पण राधिकाचं मॅटर जरा इन्व्हॉल्व्ड आहे."

प्रमोदिनीबाईंचा कप खाली आला. "कोणाशी?"

"सनीशी," भावजी म्हणाले. "जुनंच आहे. सातव्या घरात बसला आहे."

बाई उठून खिडकीशी गेल्या अन् आमच्या ओळीतली घरं मोजू लागल्या. सातव्या घराच्या ओट्यावर एक धिप्पाड पोट्टा मोटरसायकल पुसून राहिला होता. आता याले काय म्हणावं?

मी सांगायले तोंड उघडणार, तर पुष्करच उठून उभा राहिला. त्याचा चेहरा आईपेक्षाही पांढरा पडला होता.

"राधिका, ये सनी कौन है? तूने तो कभी बताया नहीं."

ही दोघं आज पहिल्यांदा भेटून राहिली होती, असं आम्ही सगळे समजून होतो.

"अरे, सनी नाही, शनी," राधिका वैतागून म्हणाली. "काका 'श'ले 'स' म्हणतात, तुले सांगितलं नव्हतं का मी?"

मग तिनं जीभ चावली. गंगाधरराव खाली मान घालून चकली खात राहिले, पण खांदे हलत होते. बाईंनी लेकाले विचारलं, कधीपासून. तो हळूच म्हणाला, दो साल से. मले राग यायले पाहिजे होता, पण खरं सांगते, मले रडू आलं अन् हसूही.

प्रमोदिनीबाई खिडकीतून परत येऊन बसल्या. त्यांनी माझा हात धरला.

"म्हणजे सनी बिनी कोणी नाही ना?"

"नाही हो. शनी आहे फक्त," मी म्हटलं. "सातव्या घरात."

"हात्तिच्या," त्यांनी मोठा श्वास सोडला, "शनीचं काय एवढं? शांत करून घेऊ."

दोन स्थळं परत पाठवणारा शनी तो हाच. भावजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी मी त्यांच्या ताटलीत आणखी दोन चकल्या वाढल्या, इन्ट्रिकेट.