नवसाच्या फिती

नदीकाठच्या देवराईतून धावण्याची शर्यत झाली त्याला वर्ष होत आलं. वाट दाखवायला झाडांना बांधलेल्या नारिंगी प्लॅस्टिकच्या फिती मात्र अजून लोंबताहेत. ‘निसर्गाच्या कुशीत धावा’ असं छापलेले टीशर्ट घालून शहरातली मंडळी धावली आणि निघून गेली. आज तिथूनच धावताना चिडून मी एक फीत ओढली, तर शेळ्या राखणाऱ्या मावशी ओरडल्या, “नका सोडू ताई! कुनाचा नवस असंल.”

इथे नवसाचं बांधलेलं ज्याचं त्यानेच येऊन सोडायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. म्हणजे वर्षभर अख्खं गाव या प्लॅस्टिकला हात जोडून पुढे जात होतं.

मी खरं काय ते सांगितलं. मावशींनी वर लोंबणाऱ्या फितींकडे पाहिलं.

“म्हंजी सोडायला कुनीच यायचं न्हाई म्हना,” त्या म्हणाल्या.