आठ वर्षांचा ताप

पाटलानं ओट्यासमोर मला थांबवलं. मी दहा वर्षांची. डोक्यावर गवताचा भारा.

"काऊन वं, तुही माय आज लुगडं नेसली का?"

ओट्यावरचे चौघं हसले.

"तुह्या बापानं देव नदीत टाकले. देवानं तिचं डोकं नेलं. आता तुहं पाह्य."

बा मागंच होता. धर्म बदलल्यावर घरातले देव टोपल्यात भरून त्यानंच भरदिवसा नळगंगेत सोडले होते. आता मान खाली घालून म्हणाला, "ताप हाये पाटील तिले."

त्या दिवसापासून ताप हाच शब्द. माय एकटीच बोलत बसायची. जेवायची नाही. मला ओळखायची नाही. डॉक्टरकडे नेलं तर गावाला कळेल, देव सोडले म्हणून येडी झाली म्हणतील. म्हणून नेलंच नाही. बा कामावर जाताना सांगायचा, "कडी लाव." मायला आत ठेवून बाहेरून कडी मी लावायची, मग शाळा. पाढा चुकला की पाटलाचं बोलणं आठवायचं. वाटायचं, आपलंही डोकं बिघडायला लागलं.

खामगावला कॉलेजात गेले. आमच्या घरात पहिली. परीक्षेआधी झोप उडाली, म्हणून दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, "घरी कुणाला आजार?"

"मायला ताप."

"कधीपासून?"

"आठ वर्षं."

त्यांनी लिहिणं थांबवलं. हसले नाहीत. मग मी पहिल्यांदा खरं सांगितलं.

गावी आले. कडी काढली. मायला न्हाऊ घातलं, लुगडं नेसवलं. बा दारात आडवा आला. "लोकं पाह्यतीन."

"पाहू दे."

एस.टी. पाटलाच्या ओट्यासमोरच थांबायची.

"कुठी निघाली वं मायले घेऊन?"

"नागपूरले. डोक्याच्या दवाखान्यात. तिचं डोकं बिघडलं हाये, पाटील. ताप नाही तिले."

एकजण हसला. मी मायचा हात सोडला नाही.

नागपूरचे डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. माय पुरती बरी झाली नाही. कधी ओळखते, कधी नाही. बाला मी तोंडावर सांगितलं, देव सोडताना तू पाटलाला भ्याला नाहीस, मायच्या वेळी भ्यालास. तो उठून बाहेर गेला. मी त्याची समजूत घातली नाही.

आज मी बी.ए. आहे. माझ्या पोरांना मी खोटा ताप शिकवणार नाही. उद्या माझं डोकं बिघडलं, तर त्यांनी ते ओट्यासमोर उभं राहून सांगायचं. आणि मला दवाखान्यात न्यायचं. कडी लावायची नाही.